एवढे ग्रुप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाणे-ऐरोली पट्ट्यातल्या आमच्या पायथनवाल्यांत, म्हणजे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांत, नवा माणूस आला की त्याचा ठरलेला प्रश्न असतो: 'अडचण', 'भाषेविषयी' आणि 'नोकरी' असे तीन ग्रुप कशाला? एकच ठेवा ना, सगळ्यांना सगळं कळेल.

नाही हो कळत. रात्री साडेदहाला वर्तकनगरचा एखादा विद्यार्थी लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो टाकतो. तिरका, वर ट्यूबलाइटची चमक, खाली "सर एरर येतोय". जिच्यात सगळं लिहिलेलं असतं ती शेवटची ओळ नेमकी कापलेली. ती मागून घ्यायची. मग कळतं, टॅबएरर आहे: मित्राकडून आलेल्या कोडात स्पेस, स्वतः लिहिलेल्या ओळीत टॅब, आणि पायथन ३ ला ही भेसळ चालत नाही. दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात महाप्याच्या कुणी ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मधल्या, जीआयएलविना (म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला कोड चालवू देणाऱ्या कुलपाविना) चालणाऱ्या प्रायोगिक बिल्डवर चार परिच्छेद टाकले, की पोरगा गप्प होतो. परत विचारत नाही. मेसेजच्या गर्दीचं मला फारसं वाटत नाही, त्याच्या गप्प होण्याचं वाटतं.

म्हणून आम्ही ग्रुप विषयावरून पाडले नाहीत, उत्तर कोण देणार यावरून पाडले. एररची शेवटची ओळ न चिडता मागणारी माणसं वेगळी, जीआयएलवर भांडणारी वेगळी. (दोन्ही जमणारे असतात, पण त्यांना ऑफिसही असतं.) 'नोकरी'त तर उत्तर द्यायचंच नसतं, जाहिरात टाकायची आणि निघायचं. खुद्द पायथनच्या अधिकृत चर्चास्थळावरही मदत, कल्पना आणि पेप, म्हणजे भाषेतल्या बदलांचे प्रस्ताव, यांचे विभाग वेगळे आहेत. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेने तर वापरणाऱ्यांसाठी एक आणि भाषा घडवणाऱ्यांसाठी दुसरी, अशा दोन साइटच केल्या.

वेगळं केलं म्हणून भांडणं थांबतात असं मात्र नाही. पायथनमध्ये कल्पना आणि विकास यांच्या चर्चा आधीपासून वेगळ्या होत्या, तरी पेप ५७२ वरून, म्हणजे ओळीच्या मध्येच किंमत नावात साठवणाऱ्या := या चिन्हावरून, रण माजलं. प्रस्ताव मंजूर झाला आणि जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी निर्णयाची सूत्रं सोडली. २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची समिती ती सांभाळते. वाद मिटवणारं कुणीतरी लागतंच. आमच्याकडे समिती वगैरे नाही. 'भाषेविषयी'त ज्याने विषय काढला त्यानेच आठवड्याने चार-पाच ओळींत सार लिहून तो बंद करायचा. कुरकुर होते, पण चालतं.

आता जँगोचा (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) आणि डेटावाल्यांचा वेगळा ग्रुप मागताहेत. माझी ना नाही. पण रिकाम्या ग्रुपात पडलेला प्रश्न तसाच लोंबकळत राहतो, म्हणून उत्तरं देणारी दोन नावं घेऊन या, त्याच संध्याकाळी ग्रुप काढतो.