मोंढ्यातला मॉडेल एम

कीबोर्ड आता दुरुस्तीला येतच नाहीत. तीनशे रुपयांचा बोर्ड, रबर बसलं की भंगारात. त्यामुळे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीचे मुनीमकाका पोत्यात गुंडाळलेला दोन किलोंचा बोर्ड घेऊन लातूरच्या माझ्या दुकानात आले, तेव्हा हातातला लॅपटॉप मी बाजूला सारला. उलटा करून लेबल बघितलं. आयबीएम मॉडेल एम. १९८५ मध्ये निघालेली जात. थोरल्या शेठनी कधीकाळी मुंबईहून सेकंडहँड कॉम्प्युटरसोबत आणलेला.

"आवाज तर येलालाय, आकडाच उमटंना," काका म्हणाले.

निम्मं निदान तिथंच झालं. या बोर्डात प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की एका क्षणी ती लचकते आणि तिच्या बुडाची पट्टी खालच्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर आपटते; त्या दाबानंच आकडा कॉम्प्युटरला कळतो. टक् आवाज आणि आकडा एकदमच. म्हणून काकांची नजर काट्याच्या चिठ्ठीवर, बोटं नंबरपॅडवर. स्क्रीनकडे बघायचं कामच नाही. टक् झालं म्हणजे आकडा गेला.

मागोमाग धाकटे शेठ आले, हातात चुकलेल्या पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदांची, यादी. २३ कट्ट्यांचे २ झालेले, शेतकरी गादीवर येऊन भांडून गेलेला. काकांना आता घरी बसवायचं, असं त्यांनी काकांच्या समोरच सांगितलं. माणसाला काढायचं तर लोक यादी करतात. बोर्ड उलटा करून बघायला कुणाला सवड नसते.

याचे बोल्ट खोल भोकात बसतात. साडेपाच मिलिमीटरचा पाना लागतो, तोही पातळ भिंतीचा. साधा आत जात नाही. मी एक घासून ठेवलाय. कव्हर उघडलं आणि ज्वारी सांडावी तसे प्लास्टिकचे दाणे टेबलावर पडले. रिवेटची डोकी. वरचं प्लास्टिक आणि खालचा वाकवलेला पत्रा या रिवेटनीच एकमेकांना आवळलेले असतात, मध्ये पडदा. वयानं प्लास्टिक ठिसूळ होतं. उजव्या खालच्या कोपऱ्यात तर नख जाईल एवढी फट. तिथं स्प्रिंग लचकणार, आवाज होणार, पण पडद्यावर दाब पडणार नाही.

उरलेले रिवेट तासले, दीड मिलिमीटरची भोकं पाडली, दोन मिलिमीटरचे बारीक स्क्रू नटांसकट आवळले. वाचायला सोपं आहे. पत्रा बसवताना सगळा बोर्ड पालथा असतो. आत एक जरी पट्टी तिरकी झाली तरी ते बटण मुकं, आणि पुन्हा पहिल्यापासून खोला. हे काम करणारा जिल्ह्यात दुसरा कुणी असेल तर मला भेटायचंय.

काकांनी सकाळी येऊन नंबरपॅडवर हात फिरवला. "आता बरोबर बोललालाय."

रात्री मी ती यादी टेबलावर ठेवून एकेक चूक ताडून बघितली होती. गळालेले आकडे ०, २ आणि ३. तिन्ही बटणं त्याच कोपऱ्यातली. फक्त एका पट्टीवर सोयाबीनचा भाव ४८२० च्या जागी ४२८० पडला होता. क्विंटलमागं ५४० रुपये शेतकऱ्याचे गेलेले. रिवेट तुटल्यानं आकडा गळतो. आकड्यांची अदलाबदल होत नाही.

"म्हणजे सगळा घोळ बोर्डाचाच होता ना?" धाकट्या शेठनी विचारलं. काका शेजारीच उभे.

"निम्मे रिवेट गेले होते," मी म्हणालो. एवढंच. शेठनी पैसे दिले, यादीची घडी करून खिशात घातली. काकांची नोकरी टिकली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण ती यादी परत आलेल्या शेतकऱ्यांची होती. जे घरी जाऊन पट्टी बघत नाहीत, किंवा बघून गप्प बसतात, त्यांच्या पट्ट्यांवर अशी अदलाबदल किती झाली असेल, ते कुठल्या यादीत नाही. काकांना एकट्यात गाठून सांगावं असं ठरवतो. तेवढ्यात हंगाम सुरू होतो, आणि आडतीवर ते एकटे कधी सापडतच नाहीत.