आजी, डोली?

अजिंठ्याच्या लेण्यांशी डोलीवाल्या पोराने सुमीला नाही विचारलं. मला विचारलं. "आजी, डोली करता का?" सुमी माझ्याहून मोठी, गुडघ्याला पट्टाही तिच्याच, आणि तो पोरगा सरळ माझ्याकडे आला. मी 'नको' म्हटलं ते जरा जोरातच. सुमी पदर तोंडाला लावून हसली.

पहिल्या लेण्यात भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभी राहिले. यांच्याबरोबर यायचं ठरलं होतं, ते राहिलंच. असो. मंद उजेडात डोळे सरावल्यावर ती कललेली मान दिसली, बोटांत अलगद धरलेलं कमळ दिसलं. दीड हजार वर्षांचा जुना, कंबरेत वाकलेला, आणि लोक त्याला बघून हात जोडतात. मी पायऱ्यांवर जरा वाकले तर डोली!

केस पांढरे म्हणून असेल? सुमी रंगवते. तेवढाच काय तो फरक.

दहाव्या लेण्यात गाइड दुसऱ्याच घोळक्याला सांगत होता, आम्ही फुकट ऐकलं. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, त्याला ही लेणी दिसली आणि त्याने खांबावर, चित्रावरच, स्वतःचं नाव कोरलं. ते नाव आता माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा आत मातीचा एवढा भराव होता की तो त्यावर उभा राहिला होता. सगळे माना वर करून बघत होते. माझी मान अवघडली, पण मी ती चोळली नाही. डोलीवाले बाहेरच बसले होते.

सतराव्यात आरशात बघणारी राणी. तिच्याजवळ मी थांबलेच नाही.

पुढे ऐकलेलं मात्र डोक्यातून जाईना. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून जाणकार आणले. चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचा लेप दिला आणि तोच पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ-काजळी बसली. मग पुरातत्त्व खात्याची माणसं कित्येक वर्षं तो लेप उतरवत बसली. सुमीच्या डायसारखंच की! हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "तू आधी पाणी पी."

तेवढ्यात शेजारून एक डोली गेली. चौघांच्या खांद्यावर आमच्याच वयाची एक बाई, नऊवारी, मांडीवर पिशवी, डोक्यावर छत्री. खाली बघून म्हणाली, "पाय कशाला मोडून घेता? पैसे काय वर न्यायचेत?" आम्हाला चालत बघून तिला कीव आली होती. मला हसूच फुटलं, आणि नंतर बराच वेळ थांबेना.

सव्विसाव्यापर्यंत गेले, पायांनीच. डाव्या भिंतीला महापरिनिर्वाण, सातेक मीटर लांब, उजव्या कुशीवर आडवा झालेला बुद्ध. खाली शिष्य रडताहेत, आणि तो दुपारचा डोळा लागावा तसा. तिथे मात्र आम्ही दोघीही बोललो नाही. मग सुमी खालीच बसली, मीही बसले, आणि रखवालदाराने उठवलं.

उद्या वेरूळ. कैलास बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघायचा, असं माझं म्हणणं. सुमी म्हणते, खालूनच भरपूर दिसतो. बघू. तेलाची बाटली तिच्याकडे आहे, ती आधी मागून घ्यायला हवी.