तुम्ही विचारलंत म्हणून: २८ दिवसांचा कागद

सुट्टीवर गावी आलो की सिव्हिलची पोरं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, बाहेरचे प्रोजेक्ट सांभाळायला काय वेगळं शिकावं लागतं?" कुणाला वाटतं प्रिमाव्हेरा, म्हणजे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर, कुणाला वाटतं इंग्रजी. दोन्ही लागतातच. पण दुबईत इतकी वर्षं काढल्यावर माझं उत्तर एकच आहे: वेळेवर पत्र लिहायला शिका.

ऐकून पोरांचे चेहरे पडतात, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे साईट चालते ती शब्दावर. पुण्यात काम करत होतो तेव्हा ड्रॉइंग यायला उशीर झाला की आर्किटेक्टला फोन लावायचा. "काम थांबवू नका, नंतर बघून घेऊ," असं उत्तर यायचं, आणि खरंच नंतर बघून घेतलं जायचं. कागद दिला म्हणजे भांडण काढलं, असाच समज होता. तीच सवय घेऊन मी दुबईला उतरलो.

गल्फमधली बरीचशी काँट्रॅक्ट 'फिडिक'च्या नमुन्यावर बेतलेली असतात. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची जागतिक संघटना, १९१३ मध्ये स्थापन झालेली. तिच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना काँट्रॅक्टच्या पुस्तकात, २०.१ हे कलम आहे. काम लांबेल किंवा खर्च वाढेल असं काही घडलं, तर ते कळल्यापासून २८ दिवसांत काँट्रॅक्टरने नोटीस द्यायची. कळलं नव्हतं म्हणायचीही सोय नाही. कळायला हवं होतं तेव्हापासूनही दिवस मोजतात. नोटीस चुकली की वाढीव मुदत गेली, पैसेही गेले. आणि दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस, ईदच्या सुट्ट्या धरून.

एका इमारतीच्या तळघराच्या सळईची सुधारित ड्रॉइंग आम्हाला सहा आठवडे उशिरा मिळाली. कन्सल्टंटचे रेसिडेंट इंजिनिअर रोज साईटवर यायचे, आमच्या पोर्टा केबिनमध्ये चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचा उशीर मला दिसतोय, टाइम मिळेल." मनापासूनच म्हणत असतील. मध्ये ईद आली. माझी नोटीस गेली ४१ व्या दिवशी. तीन ओळींचं उत्तर आलं: नोटीस मुदतीबाहेर, क्लेम अमान्य. तोवर ते इंजिनिअर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले होते. उशिराचा दंड दिवसाच्या हिशोबाने बिलातून कापला गेला. त्याची झळ आमच्या सळईवाल्या सब-काँट्रॅक्टरपर्यंत पोचली आणि त्याच्या माणसांचे पगार लांबले. त्यातली काही माणसं मला तोंडओळखीने माहीत होती. मी लिहिलेलं एक पान वेळेवर गेलं असतं तर त्यांच्या घरी पैसे वेळेवर गेले असते, हे मला आजही सलतं.

तेव्हापासून मी कुणाशीही संबंध कितीही चांगले असोत, नोटीस पाठवतोच. आधी फोन करून सांगतो, "आज एक पत्र येईल, मनावर घेऊ नका." कुणी घेतही नाही. उलट समोरच्या इंजिनिअरला क्लायंटपुढे मांडायला कागद मिळतो. तोंडी शब्दावर मुदत वाढवून द्यायची म्हटली तरी त्याला ती देता येत नसते, हे मला फार उशिरा समजलं.

पण नोटिशीने फक्त दार उघडतं. आत जायला नोंदी लागतात, त्याही घडत असतानाच ठेवलेल्या.

ऑगस्टमधली एक रात्र सांगतो. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी असते. शिवाय गरम काँक्रीट लवकर आवळतं, तडे जातात. त्यामुळे मोठं काँक्रीट रात्रीच, मिक्सच्या पाण्यात बर्फ घालून. बुर्ज खलिफाचं उन्हाळ्यातलं काँक्रीटही असंच रात्री, बर्फ घालून टाकलं होतं. आमच्या साईटवर काँक्रीटच्या तापमानाला ३२ अंशांची मर्यादा होती. राफ्ट, म्हणजे इमारतीच्या पायाचा सलग जाड स्लॅब, निम्मा झाला होता. रात्री दीडच्या सुमारास क्लायंटच्याच दुसऱ्या काँट्रॅक्टरने आमच्या गेटसमोरचा रस्ता खणला आणि मिक्सर बाहेर अडकले. तासाभराने पहिला आत आला, थर्मामीटर घातला: ३४. परत पाठवला. त्यामागचे चारही परत गेले. पंप थांबला आणि राफ्टमध्ये नको तिथे जोड पडला.

नोटीस दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच गेली. काही महिन्यांनी कन्सल्टंटच्या क्यूएसने, म्हणजे मोजमाप आणि खर्चाचा हिशोब बघणाऱ्या क्वांटिटी सर्व्हेयरने, विचारलं, मिक्सर गेटवर किती वाजता पोचले, याचा पुरावा काय? चलनांवर प्लँटमधून निघाल्याची वेळ होती, गेटवरची नव्हती. तेव्हा आमच्या नाइट फोरमनने खिशातून डायरी काढली. गोरखपूरकडचा माणूस, सगळं हिंदीत लिहिलेलं. गाडी नंबर, गेटवर कधी, पंपाला कधी, तापमान किती, परत का पाठवली. पानांवर सिमेंटच्या बोटांचे ठसे तसेच होते. त्या पानांच्या प्रती आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडलं. जोड दुरुस्त करायला लागलेले नऊच्या नऊ दिवस मंजूर झाले.

आता नवी साईट सुरू झाली की मी प्रत्येक फोरमनला वही देतो आणि त्याला येईल त्या भाषेत लिहायला सांगतो. माझ्याकडे बंगाली, उर्दू, मल्याळम, तेलुगू अशा वह्या साठल्या आहेत. पोरांनो, काँट्रॅक्ट हातात पडलं की त्यातल्या पर्टिक्युलर कंडिशन्स, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या बदललेल्या अटी, आधी उघडा. क्लायंटने तिथे २८ चे १४ केलेले मी पाहिले आहेत.