एक शब्द, अख्खा फळा

नववीतली गोष्ट. इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, सेट, आणि म्हणाल्या याचा अर्थ सांगा. कोणी म्हणालं ठेवणे, कोणी म्हणालं टेनिसचा सेट, मागच्या बाकावरून घड्याळ सेट करणं आलं, मग अलार्म, पेपर सेट करणं, सिनेमाचा सेट, सिमेंट, सूर्य... बाई काही न बोलता लिहीत गेल्या आणि बघता बघता फळा भरला, शेवटचे शब्द तर अगदी खालच्या पट्टीला टेकवून लिहिलेले.

मग वाक्य दिलं, द डॉक्टर सेट द बोन. आम्ही बहुतेकांनी वहीत 'डॉक्टरांनी हाड ठेवलं' असंच लिहिलं. बाई म्हणाल्या, "अरे, घरी आजी काय म्हणते?" आणि ट्यूब पेटली, हाड बसवलं! सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, मुळात सेट हे सिटचंच प्रयोजक रूप आहे हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग काय, अंगठीत खडा बसवतात तो सेट, माणसाचं बस्तान बसलं की तो सेट झाला, आणि सूर्यसुद्धा दिवसभराचा खाली बसतो म्हणून सेट होतो. आपलं बसणं तरी कुठे कमी आहे, घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, परीक्षेलाही बसतो! त्या दिवसापासून मला डिक्शनरी वाचायची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

पुढे कळलं की १९८९ च्या २० खंडांच्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत सेटचे जवळपास ४३० अर्थ दिलेत, आणि नंतर नव्या आवृत्तीच्या कामात रनने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. फळा पुसलाच नव्हता, पुढच्या तासाला गणिताचे सर आले, त्यांनी डस्टर उचललं, सगळं वाचलं, डस्टर खाली ठेवलं आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं, 'संच'. हा संचवाला सेट मुळात वेगळाच शब्द, लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आलेला आणि बसवण्याच्या सेटमध्ये मिसळून गेलेला, हे मला खूप वर्षांनी समजलं आणि तेव्हा पहिल्यांदा सरांचं ते खडूचं अक्षर डोळ्यांसमोर आलं.