शेऱ्याचा रकाना

खाजनांसाठी (खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतं) केलेल्या माझ्या ॲपमधून क्षारतेची नोंद काढायची, हे दुपारीच ठरलं. अजून काढलेली नाही. गोव्यातल्या चोडण बेटावरून आलेली फाइल पुन्हा उघडून बसलेय. क्षारता: रिकामं. पाण्याची पातळी: रिकामं. शेरा: 'दार ४ ला उघडलं, जाळं लावायला उशीर.' खालच्या ओळीतही शेराच, आणि त्यातही दाराचीच वेळ.

रिफ्रॅक्टोमीटरचं (पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या उपकरणाचं) कोष्टक, कोरगूट भात पेरायच्या आधी पावसानं खाजनातलं मीठ किती धुतलं ते दाखवणारा आलेख. किती जीव लावला होता त्या आलेखात! कुणी उघडूनसुद्धा पाहू नये?

मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार) चालवणाऱ्या काकांचं म्हणणं खोटं नाही: त्यांना दाराची वेळ हवी, मिठाचे आकडे नकोत. भरतीचं पाणी मानशीचं दार दाबून बंद करतं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी ते ढकलून उघडतं. जाळं तेव्हाच लागतं, मग रात्रीचे दोन का वाजेनात. मानस लिलावात पैसे मोजून घेतलेली. एक सुकती हुकली की तेवढी मासळी गेली. मिठाचं त्यांना पाणी जिभेवर घेतलं की कळतं.

तरी तो आलेख डोळ्यांसमोरून हलत नाही.

नुसती भरतीची वेळ काढणं अवघड नाही. भरतीच्या घटकांची बेरीज करायची: १२ तास २५ मिनिटांचा चांद्र घटक, १२ तासांचा सौर, शिवाय दिवसातून एकदाच येणारे दोन-तीन. हिशेब फोनमध्येच होतो. बांधावर रेंज नसली तरी अडत नाही. पण मुरगाव बंदराची वेळ चोडणला लागू पडत नाही, खाडीत भरती उशिरा चढते. त्यात दार काही भरती संपली की लगेच उघडत नाही. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली उतरावं लागतं. पावसात आत पाणी तुंबलेलं असलं तर दार लवकर उघडतं. म्हणजे दर मानशीचा फरक वेगळा, आणि तोही हंगामाप्रमाणे बदलणारा.

हा फरक आणायचा कुठून? शेऱ्यातून! नोंदलेल्या वेळेतून भरतीची वेळ वजा करायची, उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) वेगळे ठेवायचे, आणि सरासरी न घेता मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यायचा, कारण कुणी आठवून लिहितं, कुणी दुसऱ्या दिवशी. '४' पहाटेचे की दुपारचे, हे भरतीवरून ठरत नाही. दोन भरत्यांत साडेबारा तासांचंच अंतर, दोन्ही चार जवळपास सारखेच बसतात. नोंद केव्हा जतन झाली, ते बघायचं.

म्हणजे ज्या रकान्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, त्यातच सगळं होतं. बरं वाटतंय. आलेखाचं... असो.

पहिल्या पानावर दाराची वेळ, ठळक आकड्यांत. तिच्याखाली तिथी, कारण काका आजही तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात: अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. अर्धा तास आधी गजर. अँड्रॉइड १२ पासून अचूक गजराला वेगळी परवानगी लागते, ती पहिल्यांदा ॲप उघडतानाच मागायची. क्षारतेचा तक्ता पुसायचा नाही, फक्त पडद्यावरून काढायचा. शेऱ्याला हात लावायचा नाही.