कापून घेतलेला कोपरा

रविवार, रात्री पावणेबारा

आज दुपारी 'द एल-शेप्ड रूम' हा सिनेमा पुन्हा पाहिला. १९६२चा, ब्रायन फोर्ब्सचा, कृष्णधवल. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा जेनसाठी रडले होते. आज सगळं लक्ष त्या खोलीकडेच जात होतं.

जेन (लेस्ली कॅरन) फ्रेंच, लग्न झालेलं नाही, दिवस गेलेत. लंडनमधल्या एका कळकट घरात अगदी वरच्या मजल्यावर ती खोली घेते. ब्रिटनमध्ये गर्भपाताचा कायदा झाला १९६७ साली. त्याआधी हे सगळं गुपचूप, पैसे मोजून चालायचं. डॉक्टर धरूनच चालतो की ही त्यासाठीच आलीय. त्याच्या त्या धरून चालण्याचाच तिला राग येतो आणि ती मूल ठेवायचं ठरवते. कॅरनचा तेव्हाचा चेहरा मला पाठ आहे.

पण खोली एलच्या आकाराची का? मुद्दाम अशी खोली कोण बांधेल? चौकोनी खोलीचा एक कोपरा पार्टिशन घालून दुसऱ्याला दिला, की उरतो तो एल. मला तरी तो आकार असाच दिसतो. आपल्या खोलीत जो कोपरा नाही, तिथे दुसरं कुणीतरी राहत असतं. जेनच्या भिंतीपलीकडे जॉनी राहतो. कृष्णवर्णीय, जाझ वाजवणारा. काळ्या माणसांना जागा मिळणार नाही, अशा पाट्या लंडनमधल्या घरांवर दिसायच्या, तो हा काळ. भिंत इतकी पातळ की जेन आणि त्याच घरात राहणारा लेखक टोबी जवळ आल्याचं जॉनीला ऐकू जातं. आणि ती गरोदर असल्याचं टोबीला सांगून टाकतो तोही जॉनीच. पूर्वी या जागी मला त्याची चीड यायची.

आज सदाशिव पेठेतली खोली आठवली. वाड्यातल्या माजघरात प्लायवूड ठोकून दोन खोल्या केलेल्या, माझ्या वाट्याला एल. पार्टिशन आढ्यापर्यंत पोचत नव्हतं. पलीकडच्या ताईंनी दिवा लावला की माझ्या आढ्यावर पिवळा पट्टा पडायचा. त्या नर्स होत्या, रात्रपाळी असायची. गजर, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग काढून ठेवलेल्या बांगड्या डब्यात पडल्याचा. त्यांचा चेहरा नीट पाहायच्या आधी मला हे सगळं ओळखीचं झालं होतं.

नोकरी गेली तेव्हा घरी कळवलं नव्हतं. एकदा आईचा फोन त्यांनी घेतला आणि सांगितलं, "ती रात्री जेवत नाही हो. भांड्याचा आवाजच येत नाही." आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माझं दुःख चोरून ऐकलं, असंच तेव्हा वाटलं. ते त्यांच्याच आढ्याखाली चाललं होतं, हे आज जॉनीला पाहताना कळलं.

शेवटी जेन मुलीला घेऊन फ्रान्सला निघते. खोलीत नवी मुलगी आलेली असते. टोबीने त्याच खोलीच्या नावाची गोष्ट लिहिलीय. छान आहे, पण तिला शेवट नाही, असं जेन त्याला कळवते.

मी खोली सोडली त्या दिवशी नवी मुलगी आईबरोबर आली होती. नळाची वेळ सांगितली, बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं. कॉट कुठे टाकू, असं तिने विचारलं. खिडकीखाली हवा छान यायची. मी म्हटलं, पार्टिशनला लावून टाक.