बाळाचं हेल्मेट: पुणं की हैदराबाद, आम्ही काय बघून ठरवलं

बाळाचं डोकं एका बाजूनं सपाट झालं तर ते गोल व्हावं म्हणून मापाचं हेल्मेट घालतात, ते आम्ही कुठं आणि कसं केलं ते सांगते. आमचं लेकरू ऑक्टोबरमध्ये ३५ व्या आठवड्यात झालं, नऊ दिवस काचेत होतं. घरी आल्यावर ते कायम उजवीकडंच तोंड करून झोपायचं, झोळीत टाका नाहीतर गादीवर, आपण मान सरळ केली की दोन मिनिटांत परत तिकडंच. आम्हाला वाटलं सवय असेल. तीन महिने झाल्यावर एकदा आंघोळ घालताना केस ओले होऊन डोक्याला चिकटलेले, मी वरून बघितलं तर मागून उजवी बाजू सपाट, उजवा कान डाव्यापेक्षा पुढं सरकलेला आणि कपाळ पण त्याच बाजूनं पुढं आलेलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सासूबाई म्हणायल्या, "अगं तेल लावून रोज दाबलं की होतंय गोल, काहून एवढं टेन्शन घ्यायलीस." मालिशवाल्या मावशी टाळू भरताना डोकं दाबतच होत्या आणि मोहरीची उशी तर बारशाच्या आधीच शिवून तयार होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही बंद करायला लावलं. डोकं दाबायचं नाही, आणि एक वर्षापर्यंत उशी कोणतीच नाही कारण श्वास कोंडायची भीती. पण झोपवायचं मात्र पाठीवरच, हे त्यांनी तीनदा सांगितलं. १९९२ पासून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बाळाला पाठीवर झोपवा म्हणायला लागले, त्यानं झोपेत अचानक दगावणारी बाळं खूप कमी झाली, फक्त मागून सपाट डोकी जास्त दिसायला लागली. म्हणजे झोप पाठीवर, आणि जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर पोटावर.

आता हेल्मेटचं. मी रात्री दीड दीड वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसायचे. एका ठिकाणी फोन केला तर त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवले आणि तासाभरात सांगितलं की केस गंभीर आहे, ऍडव्हान्स भरा, जेवढा उशीर तेवढं नुकसान. लेकराला कोणी हात लावला नव्हता, मान वळते का हे विचारलं नव्हतं, तरी मी खरंच पैसे भरायला निघाले होते, यांनी थांबवलं म्हणून बरं.

मग आधी संभाजीनगरला लहान मुलांच्या न्यूरोसर्जनला, म्हणजे मेंदू-कवटीच्या सर्जनला दाखवलं, आणि हे मी प्रत्येकीला सांगते की पहिली पायरी हीच. कवटीची हाडं जिथं जुळतात ते सांधे वेळेआधीच बंद झालेत का हे त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं, कारण तसं असेल तर ते ऑपरेशनचं प्रकरण असतं, नुसतं हेल्मेट घालून भागत नाही. आमचं तसं नव्हतं. पण डाव्या बाजूचा मानेचा स्नायू आखडलेला निघाला, म्हणून तोंड सारखं उजवीकडं. एवढी साधी गोष्ट तीन महिने आमच्या कोणाच्याच लक्षात आली नाही.

त्यानंतर दोन ठिकाणं प्रत्यक्ष बघितली. पुण्याला दीर राहतात, राहायची सोय होती आणि परभणीची माणसं कशासाठीही पुणंच गाठतात. तिथलं सेंटर मोठं, स्कॅनर भारी, सगळं चकाचक. पण स्कॅन एक जण करणार, हेल्मेट बाहेरून बनून येणार, नंतर फिटिंगला जो ड्युटीवर असेल तो. पुढच्या व्हिजिटचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का विचारलं तर नीट उत्तरच मिळालं नाही.

हैदराबादला माझ्या वडिलांनी जायला लावलं. आमच्या नांदेडकडं निजामाच्या काळापासून मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादच. तिथले ऑर्थोटिस्ट, म्हणजे असं हेल्मेट मापानं बनवणारे, एका छोट्या खोलीत बसायचे. त्यांनी लेकराला मांडीवर घेतलं, खुळखुळा वाजवत मान डावीकडं किती वळते ते बघितलं, मग कॅलिपरनं, म्हणजे मापाच्या चिमट्यानं, डोक्याची दोन्ही तिरपी मापं घेतली. फरक १४ मिलिमीटर. मी म्हटलं करून टाका हेल्मेट. ते म्हणाले, "अम्मा, अभी नक्को. पहले गर्दन." सहा आठवडे मानेचा व्यायाम करा, पोटावर ठेवा, पाळण्याची दिशा बदला, मग परत मापू. हेल्मेट बनवणारा माणूस स्वतःच थांबा म्हणतोय, मला तिथंच विश्वास बसला.

सहा आठवड्यांनी मान मोकळी झाली होती पण फरक १२ वरच. तेव्हा लेकरू साडेपाच महिन्यांचं, वेळेआधी झाल्यामुळं धरायचं वय साधारण साडेचार. मग मार्चच्या शेवटी हेल्मेट केलं. त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट लपवली नाही. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला, त्यात हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्यात दोन वर्षांच्या वयाला विशेष फरक नव्हता. पण आखडलेल्या मानेची बाळं त्यात घेतलीच नव्हती. २०१६ च्या अमेरिकी न्यूरोसर्जन लोकांच्या गाइडलाइनमध्ये व्यायाम करूनही मध्यम ते जास्त सपाटपणा उरला तर हेल्मेट सुचवलंय. हे सगळं समोर ठेवून म्हणाले, आता तुम्ही ठरवा. आम्ही ठरवलं.

हेल्मेट डोकं दाबत नाही. बाहेर प्लास्टिक, आत फोम, जिथं डोकं वर आलंय तिथं टेकलेलं आणि सपाट जागी पोकळी, डोकं वाढतं ते त्या पोकळीत. म्हणून डोकं वाढेल तसा दर दोन आठवड्यांनी आतला फोम घासावा लागतो, आणि म्हणूनच ब्रँडपेक्षा फोम घासणारा हात कोणाचा हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या लेकराचं हेल्मेट पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच माणसानं घासलं. त्याच्या बोटांना माहीत होतं की कानामागं मागच्या वेळी लाल झालं होतं. पैशांचंही एकदाच ठरलं, सगळ्या फिटिंग धरून, आणि मी ते कागदावर लिहून घेतलं.

एप्रिल-मे मात्र फार अवघड गेला. परभणीचा उन्हाळा आणि डोक्यावर दिवसाचे २३ तास हेल्मेट! घाम इतका की काढलं की आंबूस वास यायचा. दुपारभर कूलरसमोर, अंगात फक्त सुती झबलं, संध्याकाळी एक तास हेल्मेट काढून डोकं धुवायचं, आतून स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळवायचं. लाल डाग तासाभरात गेला तर ठीक, नाही गेला तर हेल्मेट घालायचं नाही, फोन करायचा. मी दोनदा केला, दोन्ही वेळा त्यांनी स्वतः उचलला. दर दोन आठवड्यांनी देवगिरी एक्स्प्रेस, येताना नांदेडला माहेरी मुक्काम, तेवढाच लेकराला आणि मला आराम.

जुलैमध्ये फरक ५ मिलिमीटरवर आला. ते म्हणाले अजून महिनाभर घातलं तर थोडं आणखी होईल, पण थांबलात तरी चालेल. आम्ही थांबलो. मागून बघितलं तर मला अजून थोडं दिसतं, दुसऱ्या कोणाला सांगितल्याशिवाय दिसत नाही.

परवा जिंतूरच्या एका ताईंनी आमचं जुनं हेल्मेट मागितलं. ते देता येत नाही, ते आमच्याच लेकराच्या मापाचं आहे. त्यांना म्हटलं, आधी केस ओले करून वरून फोटो काढा आणि मान दोन्हीकडं सारखी वळते का बघा. त्यांचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, म्हणजे हातात वेळ आहे. सोमवारी त्या न्यूरोसर्जनकडं जायल्यात.